खळ्यावरचा गोल्फ

नांदेड

गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांनी मध्ये मध्ये काठी हाणत केलेला फेरफटका, असं माझं ठाम मत होतं. चिपळूणला तो खेळ कुणी खेळत नाही. आमच्याकडे एवढी सपाट जमीन एका जागी सापडली असती तर तिच्यावर आधी कुणीतरी भात लावला असता. पण माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. कंपनीच्या कृपेनं त्याला या खेळाची गोडी लागली आणि एका स्पर्धेत त्यानं मुनीरभाईंना खेळताना पाहिलं. कंधारचा वेल्डर. तेहतिसाव्या वर्षापर्यंत गोल्फचा चेंडू हातात धरलेला नाही, एकोणचाळिसाव्या वर्षी धंदेवाईक खेळाडू झाला, आणि आज सत्तेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या बरोबरीनं देशभर खेळत हिंडतो.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि स्कूटर शिकत होते. शिकत होते म्हणजे मच्छी मार्केटच्या वळणावर एकदा पडून झालं होतं आणि घरचे सगळे 'आता या वयात कशाला' हे पालुपद आळवत होते. उशिरा सुरुवात करणाऱ्या माणसांबद्दल मला त्या दिवसांत भलतीच माया वाटत होती. मी भाच्याकडून नंबर घेतला, फोन लावला आणि तुमच्या गावी येऊन तुम्हाला भेटायचं आहे, असं सांगून टाकलं.

"या की ताई," पलीकडून आवाज आला. "आमच्याकडं बघायला किल्ला हाय, आन मी हाय."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नांदेड स्टेशनवर उतरले. गुरुद्वाऱ्याला आलेल्या यात्रेकरूंची ही गर्दी, वळकट्या, पाण्याचे कॅन, आणि त्या सगळ्यात एकच माणूस कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत उभा. पायांत त्याहून पांढरे बूट, मिशीला ताजा कलप. काळ्या मातीच्या मुलखात पांढरी पँट टिकते कशी, असं मी न राहवून विचारलं. टिकत नाही, रोज धुतो, असं उत्तर आलं. मुनीरभाई नम्र वगैरे अजिबात नाहीत. स्वतःच्या खेळाबद्दल ते असं कौतुकानं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारच्या हुशार पोराबद्दल चाललंय. तासाभरात कंटाळा येईल अशी मला भीती होती. तो आला नाही, कारण आपल्या फजित्याही ते तितक्याच चवीनं सांगतात.

स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात त्यांनी मला खिचडी-खट्टा खायला घातला. आमच्याकडे खिचडी झाली म्हणजे एक तर कुणाचं पोट बिघडलंय किंवा घरातली बाई दमलीय. इथं ती सकाळची न्याहारी आहे: मसुराच्या डाळीची मोकळी पिवळी खिचडी आणि वर चिंच-तिळाचा आंबट, थंड, पातळ खट्टा. मी दोनदा मागून घेतला. खाता खाता त्यांनी आपली सुरुवात सांगितली.

तरुणपणी ते नायगावला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या एका कारखान्यात होते. मग कंधारला थोरले बंधू जब्बारभाई यांच्याबरोबर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. हैदराबादच्या एका गोल्फ मैदानावर सरावाच्या जागेला उंच जाळी लावायची होती, तिचे लोखंडी खांब उभे करायचं काम या भावांना मिळालं. खांब उभे राहिले, जाळी चढली. पण येणारे लोक चेंडू मारायचे ते जाळीच्या खालच्या अंगालाच. वरच्या जोडाला दणका बसल्याशिवाय काम पक्कं झालं असं कसं म्हणायचं, म्हणून मुनीरभाईंनी एकाकडून काठी मागून घेतली आणि स्वतःच मारायला उभे राहिले. पहिले कितीतरी टोले नुसते हवेत गेले. लोक हसले.

"ताई, मी जिंदगीभर लोखंड वाकवून राहिलो," ते म्हणाले. "आन ह्यो लिंबाएवढा गोळा मला दाद देईना. लई राग आला. तो राग अजून गेला न्हाई बघा."

काम संपलं, जब्बारभाई कंधारला परतले, हे मागे राहिले. मैदानातली गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायची नोकरी धरली आणि दिवस उजाडायच्या आधी चेंडू मारायला लागले. बायको शाहीन तिथंच एका शाळेत उर्दू शिकवते. घर तिनं सांभाळलं, हे त्यांनी स्वतःहून आणि मोठ्या आवाजात सांगितलं, तेव्हा हा माणूस मला पुरता आवडून गेला.

कंधार

नांदेडहून कंधारला एसटीनं गेलो. मुनीरभाईंबरोबर प्रवास करणं ही एक वेगळीच गंमत आहे. त्यांच्या थैलीत बऱ्याच काठ्या असतात, प्रत्येकीला नंबर असतो, आणि नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो, एवढं त्यांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. खिडकीतून ते बाहेर बघायचे आणि पुटपुटायचे. त्या विहिरीपासून त्या बाभळीपर्यंत सात नंबर. या बांधावरून त्या कडब्याच्या गंजीवर नऊ नंबर. मला कापणी झालेली ज्वारी, करडईचे पिवळे-केशरी तुकडे आणि क्षितिजापर्यंत उघडी काळी जमीन दिसत होती. यांना त्याच जमिनीत मैदानं दिसत होती. कंधारच्या किल्ल्याचा पाण्यानं भरलेला खंदक बघून मी इतिहासाच्या बाईसारखी गंभीर झाले, तेव्हा हे शेजारी उभे राहून पलीकडच्या बुरुजाचा अंदाज घेत होते. वारा समोरून असेल तर आठ नंबर, असा त्यांचा निकाल पडला.

घरी अम्मी दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज असा की गल्लीतलं मांजरसुद्धा दचकावं. दुपारी बगारा खाना आणि दालचा होता. मसाल्याची फोडणी दिलेला भात आणि मटण घातलेली आंबट डाळ. मासे खाणाऱ्या माझ्यासारखीला मटणात डाळ ही कल्पना आधी विचित्र वाटली. "खाओ बेटी, शरमाओ नक्को," असं म्हणत अम्मींनी दुसऱ्यांदा ताट भरलं आणि माझे सगळे विचार बंद पडले.

जेवायला जब्बारभाई आले. धाकट्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, ठेंगणे, रुंद खांद्यांचे, अंगात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेला निळा शर्ट. माणूस थोडं बोलतो आणि समोरच्यानं ऐकावं अशी अपेक्षा ठेवतो. ते आल्याबरोबर मुनीरभाई गप्प झाले. सकाळपासून ज्यांच्या तोंडाला खळ नव्हता ते भातात बोटं फिरवत खाली बघत बसले, आणि तेव्हा मला कळलं की या घरात काहीतरी चाललंय.

ते असं होतं. या खेळात वर्षभर मोठ्या स्पर्धांत उतरायचं तर एक कार्ड लागतं आणि ते दर साली खेळून टिकवावं लागतं. गेल्या मोसमात मुनीरभाईंचा उजवा खांदा दुखावला, ते अर्ध्या स्पर्धा खेळलेच नाहीत, आणि कार्ड गेलं. आता ते परत मिळवायचं तर येत्या सोमवारपासून हैदराबादला चार दिवसांची पात्रता स्पर्धा होती. तिकडे लातूरच्या एका निवासी शाळेला खेळाचा शिक्षक हवा होता, कायमचा. त्या शाळेचं लोखंडी गेट जब्बारभाईंनी बनवलेलं. गेट बसवताना त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांजवळ भावाचा विषय काढला होता आणि शब्द टाकून जागा नक्की करून आले होते. हजर व्हायचं होतं तेही सोमवारीच. शनिवारी लातूरला जाऊन मुलांना थोडा खेळ दाखवायचा आणि होकार कळवायचा, असं ठरलं होतं.

"लई झालं आता," जब्बारभाई माझ्याकडे बघून म्हणाले, भावाकडे नाही. "काय राहिलं हाय त्याच्यात?"

मुनीरभाईंनी अम्मींना आधीच सांगून ठेवलं होतं, भाई म्हणेल तसं करीन. मला भयंकर राग आला. पण मी पाहुणी. माझ्या घरात माझ्या स्कूटरबद्दल कुणी बाहेरच्यानं तोंड घातलेलं मला तरी कुठं चाललं असतं. मी दालचा वाढून घेतला.

कंधार, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीरभाई मला त्यांच्या सरावाच्या जागी घेऊन गेले. वर्कशॉपच्या मागे ज्ञानोबामामा या शेजारी शेतकऱ्याचं रान आहे, हरभरा आणि ज्वारीचं. त्याच्या एका कोपऱ्यात चक्क खळं होतं. धान्य मळायचं खळं मीही कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आता सगळीकडे मळणीयंत्रं आहेत. मी कौतुकानं पुढे झाले आणि लांबून मामांची हाक आली. ते धावतच आले. मी चपला घालून खळ्यावर चढले होते. माझ्या शिक्षकी पेशाला ही चूक फार लागली. मी मुकाट्यानं खाली उतरले, चपला बांधावर ठेवल्या आणि परत चढले. मुनीरभाईंनी आपले ते पांढरे बूट काढून, रुमाल पसरून, त्यावर जोडीनं मांडून ठेवले. एवढा नखरेल माणूस इथं मात्र रोज अनवाणी खेळतो.

या खेळात शेवटचा टोला फार नाजूक असतो. चेंडू खड्ड्यापर्यंत घरंगळत न्यायचा आणि आत पाडायचा. त्यासाठी बेतानं कापलेली हिरवळ लागते. कंधारला फेब्रुवारीत गवत उगवतं ते फक्त गळक्या नळाखाली. तेव्हा घरी आलं की सराव करायचा कुठं, या विवंचनेत मुनीरभाईंना खळं सुचलं: गोल, टणक, सारवलेलं, गुळगुळीत. त्यांनी मामांना गळ घातली. मामांनी बरीच वर्षं खळं केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना असा काही हुरूप आला की त्यांनी ते साग्रसंगीत केलं. जमीन खणली, पाणी पाजलं, भुसा टाकला, बैल गोल गोल फिरवून तुडवून घेतलं, वर शेणानं सारवलं. आणि बैल बांधायची मेढ, म्हणजे लाकडाचा चांगला मनगटाएवढा खांब, खळ्याच्या बरोबर मधोमध रोवून टाकला.

मुनीरभाईंनी विनवून पाहिलं की मामा, मला बैल फिरवायचे नाहीत, मधला खांब काढा. मामांना हे म्हणणं समजलंच नाही. मेढ नाही ते खळं कसलं, ते अंगण झालं. शेवटी खड्डा एका कडेला पाडावा लागला आणि चेंडूच्या वाटेत मेढ कायमची आली. आजही ती आहे, वर ज्वारीची चार कणसं बांधलेली. खळ्याला पाणी वाहून जाण्यापुरता जो बेताचा उतार असतो त्याच्या आधारानं चेंडूला मेढीला वळसा घालायला लावायचा, हे मुनीरभाई या खांबापायी शिकले. मला त्यांनी करून दाखवलं. चेंडू निघाला तो भलतीकडेच. मी मनात म्हटलं, चुकलं. तो मेढीच्या बगलेतून संथपणे वळला, कडेकडेनं उतरला आणि खड्ड्यात पडला. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान तुकवून त्या स्वीकारल्या आणि पुन्हा, पुन्हा, पुन्हा तेच करून दाखवलं.

मामा बांधावर बसून टोले मोजत होते. लाभ, दोन, तीन. धान्याची रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. खळ्याशी बसल्यावर मामांच्या तोंडी दुसरं काही येणं शक्य नव्हतं. मुनीरभाई म्हणाले, मोठ्या स्पर्धेत पहिला टोला मारला की मीही मनात लाभच म्हणतो, मग हात थरथरत नाही.

मीही मारून पाहिलं. खळ्याबाहेर उभं राहून, मोठी काठी घेऊन. तीनदा हवेत. चौथ्यांदा चेंडू उडाला आणि मामांच्या हरभऱ्यात शिरला. शोधायला आम्ही दोघं वाकलो. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले, पण तो बोटांच्या कातड्याला कसा झोंबतो हे पुस्तकात नव्हतं. चेंडू मिळाला. मुनीरभाईंच्या पँटीवर गुडघ्यापर्यंत पिवळट डाग पडले. ते बघून एवढा मोठा माणूस खरोखर हिरमुसला आणि मला हसू आवरेना.

नंतर मेढीला टेकून बसलो तेव्हा मी धीर करून विचारलं, तुम्हाला लातूरला जायचं आहे का. त्यांनी गुडघ्यावरचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाले, मी आजवर मोठी स्पर्धा एकही जिंकलो नाही, ताई, तिसरा आलो एकदा. खेळ अजून वाढून राहिला आहे, हे मला आतून कळतं, पण भाईला काय दाखवू. आणि भाईला तोंडावर नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. वर्कशॉप सोडून ते गेले, तेव्हापासून दोघांचं काम भाई एकटे ओढत होते.

जळकोटच्या वाटेवर

शनिवारी भल्या सकाळी जब्बारभाईंच्या पिकअपमधून निघालो. मागे एक गेट बांधलेलं होतं, ते जळकोटला एका घरी द्यायचं होतं, म्हणून हा वळसा. पुढे तिघं. जब्बारभाई चालवायला, मुनीरभाई खिडकीशी आणि मी मधे. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही माझ्याशी बोलत होते. मी दोन्हीकडे मान वळवून वळवून दमले.

मुखेड मागे पडलं आणि जमीन उंचसखल व्हायला लागली. बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या, मधूनच पेटल्यासारखा फुललेला पळस, खडकाळ माळावर चरणाऱ्या शेळ्या. आमच्या कोकणात डोंगर अंगावर येतात, झाडीनं गच्च भरलेले असतात, त्यात माणूस झाकला जातो. इथं माणूस कोसावरून दिसतो. जळकोटला गेट उतरवायला दोघं भाऊ लागले. एकानं वरची कड धरली, दुसऱ्यानं खालची, एक शब्द न बोलता गेट अलगद भिंतीला लागलं. एवढी जोडी जमलेली माणसं मी क्वचितच पाहिली आहेत. घरमालकिणीनं आम्हाला शेंगदाण्याची चटणी, दही आणि ज्वारीची भाकरी दिली. भाकरी एवढी पातळ की माझ्या तांदळाच्या भाकरीचा मला संकोच वाटला.

मुनीरभाई हात धुवायला गेले तेव्हा जब्बारभाई माझ्याशी प्रथमच मोकळं बोलले. मी विचारलं होतं, तुम्ही त्यांचा खेळ कधी पाहिलात का. त्यांनी मान हलवली. हैदराबाद काही लांब नाही, पण एकदाही गेले नव्हते.

"गेल्या साली घरी आला तवा हात तोंडापत्तर जाईना त्याचा," ते म्हणाले. "अम्मीनं घास भरवले. शेहेचाळीस वर्साच्या मान्साला. मला त्याचं हरनं बघवत न्हाई, ताई. म्हनून जात न्हाई."

मी दोन दिवसांपासून या माणसावर मनातल्या मनात दात-ओठ खात होते. आता काय करावं ते मला समजेना. मी त्यांना चहा ओतून दिला.

लातूर

लातूर हे शिकवण्यांचं गाव. चौकाचौकात मोठाले फलक, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. रस्त्यानं पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचे लोंढे. अठराव्या वर्षी एखादी परीक्षा हुकली तर आपल्याला उशीर झाला असं या मुलांना वाटतं. अशा गावात तेहतिसाव्या वर्षी काठी धरलेला माणूस मी घेऊन आले होते, म्हणजे खरं तर त्यानंच मला आणलं होतं.

शाळा गावाबाहेर होती, नीटनेटकी. अध्यक्ष साठीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आमचं मनापासून स्वागत केलं. मैदान मातीचं, भोवती वसतिगृहाच्या खिडक्या, त्यामुळे लांबचा टोला मारणं शक्य नव्हतं. मुनीरभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक रिकामं पोतं मागवलं. शाळेच्या गेटवर लोखंडी कमान होती, जब्बारभाईंनीच वाकवलेली. पोतं गेटच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला पसरायला सांगितलं. चेंडू कमानीवरून जाऊन पोत्यावर पडेल, असं त्यांनी जाहीर केलं. मुलं मातीत मांड्या घालून बसली.

पहिला चेंडू कमानीवर आदळला. ठाण्ण आवाज झाला, रंगाचा टवका उडाला आणि मुलं खो खो हसली. मी जब्बारभाईंकडे पाहिलं. ते गेटशी उभे होते, हाताची घडी, चेहरा दगडासारखा. मुनीरभाईंनी बूट मातीत घट्ट केले. दुसरा चेंडू कमानीवरून गेला आणि पोत्यावर पडला. तिसरा पडला. चौथा पडला, आणि मुलं हसायची थांबली.

मग जब्बारभाई हलले. शांतपणे गेटबाहेर गेले, पोतं उचललं आणि लांब, एका कडुलिंबाच्या झाडामागे नेऊन पसरलं. भावाकडे वळूनही न बघता बाजूला उभे राहिले. मुनीरभाईंनी काठी बदलली. चेंडू कमानीवरून, लिंबाच्या शेंड्यावरून गेला आणि मला तो दिसेनासा झाला. जब्बारभाईंनी खाली बघितलं आणि हात वर केला. पोत्यावर. त्यांनी पोतं पुन्हा उचललं आणि आता झाडाच्या बुंध्याला चिकटून, जिथं फांद्यांमधून एक चिंचोळी फटच होती तिथं घातलं. हा निव्वळ छळ होता. मुनीरभाई हसले, दोन दिवसांत भावासमोर पहिल्यांदा. तो चेंडू पानं उडवत गेला. बराच वेळ जब्बारभाई वाकून उभे होते. मग त्यांनी हात वर केला आणि तो पटकन खाली घेतलाच नाही. दोनशे मुलं ओरडत उठली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवणार नाही.

नंतर आम्ही अध्यक्षांच्या खोलीत बसलो. चहा आला. अध्यक्ष खरोखरच भारावले होते. मुनीरभाईंचा हात हातात घेऊन ते प्रेमानं म्हणाले, खूप केलंत तुम्ही, आता या वयात कशाला ती वणवण, आता इथं सावलीत बसा आणि मुलांना शिकवा. यात वाईट काहीच नव्हतं. जब्बारभाई गेली कित्येक वर्षं घरात हेच म्हणत होते. मुनीरभाईंनी मान खाली घातली आणि होकारासाठी तोंड उघडलं.

"साहेब," जब्बारभाई मध्येच म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कप खाली ठेवला. "सावलीत बसायला घरी मी हाय. ह्याची सोमवारी हैदराबादला म्याच हाय. हा येनार न्हाई."

 मुनीरभाई भावाकडे बघत राहिले. जब्बारभाईंनी पुढे सांगितलं, शब्द मी दिला होता, तो मीच मागे घेतो, माफी असावी. गेटचा रंग उडाला आहे तो मी येऊन लावून देईन. अध्यक्ष मोठे दिलदार. त्यांनी दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले आणि चहा थंड होतोय म्हणाले.

माझ्यातली शाळेची बाई मात्र गप्प बसेना. बाहेर आल्यावर मी जब्बारभाईंना विचारलंच की अहो, तुम्हीही हेच म्हणत होतात ना.

"मी भाऊ हाय," ते म्हणाले. "मी म्हनीन. दुसऱ्यानं कामून म्हनावं?"

पिकअप लांब उभी होती. मुनीरभाई काठ्यांची थैली उचलायला वाकले तर जब्बारभाईंनी त्यांना हातानं थांबवलं. थैलीचं वजन हातानं तोलून बघितलं. स्पर्धेत ही कोण उचलतं, असं विचारलं. कधी माणूस मिळतो, नाही तर मीच, असं मुनीरभाई म्हणाले. दुखावलेल्या खांद्यावर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. जब्बारभाईंनी थैली आपल्या रुंद खांद्यावर टाकली आणि आमच्या पुढे चालू लागले. मुनीरभाई मागून रिकाम्या हातांनी येत होते. त्यांची पांढरी पँट धुळीनं पार मळली होती, पण त्यांनी ती झटकलीसुद्धा नाही.

चिपळूण, परतल्यावर

लातूरहून गाडी पकडून मी घरी आले. सोमवार, मंगळवार, बुधवार माझं कशात लक्ष लागलं नाही. भाचा फोनवर आकडे सांगायचा, मला त्यातलं काही कळायचं नाही. वर आहेत की खाली, एवढंच मी विचारायचे. पहिल्या दिवशी वर, दुसऱ्या दिवशी बरेच खाली, तिसऱ्या दिवशी काठावर. गुरुवारी दुपारपासून मी फोन ओट्यावर ठेवून मासे साफ करत बसले होते. संध्याकाळी तो वाजला. जब्बारभाई होते.

कार्ड मिळालं होतं. ज्यांना मिळालं त्यांत मुनीरभाई शेवटून तिसरे, पण मिळालं होतं. मी ओट्याला टेकून रडले आणि हसले, आणि खवलं चिकटलेल्या हातानं फोन धरून बसले. मला वाटलं, जब्बारभाईंचाही गळा दाटून आला असेल. छे. ते चिडलेले होते. शेवटच्या खड्ड्याशी उतार डावीकडे आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, त्यांनी सांगितलंही, पण मुनीरनं ऐकलं नाही आणि एक टोला फुकट गेला. कालही तसंच. ऐकलं असतं तर आणखी वर आला असता. चारही दिवसांतला एकेक टोला त्यांनी मला ऐकवला, त्यांच्या मागे कुठंतरी मुनीरभाई मोठ्यानं हसत होते, आणि जो माणूस भावाचं हरणं बघवत नाही म्हणून इतकी वर्षं घरी बसला होता तो मला वाऱ्याची दिशा समजावून सांगत होता.

शेवटी मी विचारलं, मग आता कंधारला परत कधी, वर्कशॉप बंद असेल ना. त्यांनी जरा विचार केला.

"बघू, ताई. पुढच्या हप्त्यात चंदीगडला जायाचं हाय. मी न्हाई गेलो तर त्याला उतार कोन दाखवनार?"